‘मग कशाला?’ : ३५ वर्षांच्या संसारानंतर सामोपचाराने वेगळं झालेल्या एका जोडप्याचं प्रकरण

पुण्यात गेली बावीस वर्षं मी विवाह समुपदेशक म्हणून काम करते. माझ्याकडे येणारी बहुतेक जोडपी भांडत येतात. हे जोडपं भांडत आलं नाही आणि त्यामुळेच त्यांना कुणाची मदत मिळेना, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. दोघांची परवानगी घेतली आहे, दोघांनी मसुदा वाचला आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नावं घेणार नाही. त्या तीस-बत्तीस वर्षं शाळेत शिकवत होत्या, त्यामुळे सोसायटीपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात. नवरा वीज कंपनीतून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेला, तो सगळ्यांचा ‘साहेब’. मीही तशीच हाक मारत असे.

पत्र

२०२१ च्या ऑगस्टमध्ये बाईंनी नवऱ्याला पत्र लिहिलं. शाळेच्या फुलस्केपवर, समास आखून, दोन पानं. रात्री साहेबांच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवलं आणि त्या झोपायला गेल्या. पत्रात एकही आरोप नव्हता. त्यातला एक भाग त्यांनी मला पाठ म्हणून दाखवला : “आई गेल्या आणि या घरातलं माझं काम संपलं, असं मला वाटतं. उरलेली वर्षं मला माझ्या पद्धतीने जगायची आहेत. त्यात तुमचा अपमान व्हावा अशी माझी अजिबात इच्छा नाही.”

‘आई’ म्हणजे सासूबाई. शेवटची सहा वर्षं त्या अंथरुणावर होत्या आणि त्यांचं सगळं बाईंनी केलं. २०१९ च्या नोव्हेंबरात त्या गेल्या.

लग्न १९८९ चं. साहेबांच्या बदल्या चंद्रपूर, परळी, भुसावळ अशा औष्णिक केंद्रांच्या गावांना होत राहिल्या. बाईंची अनुदानित शाळेतली कायम नोकरी, दोन मुलांच्या शाळा आणि सासूबाईंचं दुखणं यामुळे सिंहगड रस्त्यावरचं घर हललं नाही. आम्ही तिघांनी बसून हिशेब केला तेव्हा निघालं की साहेब निवृत्त होईपर्यंतच्या एकतीस वर्षांत दोघं सलग एका छताखाली राहिले ते जेमतेम नऊ वर्षं. बाकीचा संसार शनिवार-रविवारचा, परळीच्या काळात तर महिन्यातून एकदाचा.

साहेब ३१ मार्च २०२० रोजी निवृत्त झाले. टाळेबंदी लागून आठवडा झाला होता. निरोपसमारंभ नाही, शाल-श्रीफळ नाही. पोलिसांचा पास काढून दोन सुटकेसी, एक छोटा कुकर आणि क्वार्टरमधली खुर्ची गाडीत घालून ते भुसावळहून घरी आले. “घरी आलो तो पाहुणा म्हणूनच,” ते म्हणाले. “चहाची गाळणी कुठे असते ते रोज विचारायचो, कारण रोज विसरायचो. तिने एकदाही वैतागून सांगितलं नाही. वैतागली असती तर बरं वाटलं असतं.”

पत्र वाचून साहेब अकरा दिवस काही बोलले नाहीत. बाराव्या दिवशी त्यांनी उत्तर दिलं ते आलेखाच्या कागदावर, पेन्सिलीने आखलेल्या तक्त्यात. घर, ठेवी, दागिने, गाडी, देव, मुलं असे सहा रकाने. पहिल्या पाचांत नीट नोंदी. ‘मुलं’च्या रकान्यात फक्त प्रश्नचिन्ह. तो कागद मी पाहिला आहे. त्या प्रश्नचिन्हावरून पेन्सिल इतक्या वेळा फिरवलेली होती की कागद विरला होता.

आधी ते ओळखीच्या एका वकिलाकडे गेले. त्याने बाईंना सुचवलं की पोटगीचा दावा लावून ठेवा, म्हणजे समोरच्यावर दबाव राहतो. जिन्यात साहेब म्हणाले, “आपण इथे नको.” बाई म्हणाल्या, “मला पण तेच वाटलं.” दोघं माझ्याकडे आले ते ऑक्टोबरात.

पहिल्या भेटीची माझ्या वहीतली नोंद अशी : ‘तक्रार नाही. बाई तीनदा म्हणाल्या, हे वाईट नाहीत हो. ह्यांनी कधी आवाज चढवला नाही.’ त्या पिढीच्या बायकांप्रमाणे त्या नवऱ्याचा उल्लेख ‘हे’ असाच करत. साहेब शेजारच्या खुर्चीत असले तरी ‘हे’, ठाण्याला मुलीकडे गेलेले असले तरी ‘हे’.

तीन रस्ते

मी पहिल्या चार भेटींत फक्त एवढंच पाहिलं की हा निर्णय कुठल्या दुखण्यातून तर आलेला नाही ना. बाईंना नैराश्य असेल, साहेबांच्या स्मरणशक्तीचा काही प्रश्न असेल, कुणी काही लपवत असेल. उतारवयात अचानक ‘मला वेगळं व्हायचंय’ म्हणणाऱ्या माणसाची आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. दोघांची केली. साहेबांची साखर थोडी वाढलेली निघाली, बाकी काही नाही. तिसरं माणूस नव्हतं, व्यसन नव्हतं, मारहाण नव्हती. बाई मन मोकळं करून बोलत होत्या आणि जे बोलत होत्या ते दर भेटीत तेच राहत होतं.

मग मी तीन रस्ते समोर ठेवले. पहिला, कागद काहीच न करता नुसतं वेगळं राहायचं. आपल्याकडे असंख्य जोडपी हेच करतात, एक गावाकडच्या घरी आणि एक मुलाकडे. दुसरा, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १० खाली न्यायिक विभक्ती घ्यायची : एकत्र राहण्याचं बंधन सुटतं, लग्न मात्र कायम राहतं. तिसरा, कलम १३-ब खाली परस्परसंमतीने घटस्फोट, ज्याला कोर्टाच्या आवारात सगळे ‘म्युच्युअल’ म्हणतात.

हे तिसरं दार आपल्या कायद्यात उघडलं ते १९७६ च्या दुरुस्तीने. १९५५ च्या मूळ कायद्यात घटस्फोट मागायचा तर समोरच्याचा काहीतरी दोष दाखवावा लागे. ‘दोष कुणाचाच नाही, पण आम्हाला एकत्र राहायचं नाही’ हे म्हणायला कायद्याने जागा दिली ती लग्नानंतर एकवीस वर्षांनी जन्मलेल्या मुलीसारखी उशिरा. आपल्या भाषेने तर अजूनही दिलेली नाही. काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी, टाकलेली, सोडलेली. यातला प्रत्येक शब्द एकाने दुसऱ्याला केलेलं काहीतरी सांगतो.

साहेबांना पहिला रस्ता बरा वाटत होता. कारण व्यावहारिक होतं आणि खोटं नव्हतं. बाईंची नेमणूक २००५ च्या नोव्हेंबरच्या कितीतरी आधीची, म्हणून त्यांना जुनी पेन्शन. साहेबांना भविष्यनिर्वाह निधीची एकरकमी रक्कम मिळाली होती, पण दरमहा म्हणाल तर ईपीएसचे, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेचे, चार हजारांच्या आसपास. बाईंच्या पश्चात पती म्हणून साहेबांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळालं असतं. घटस्फोटाने तो हक्क जातो. हे मी दोघांना स्पष्ट सांगितलं, कारण सामोपचाराच्या भरात लोकांच्या असल्या गोष्टी विचारायच्या राहून जातात. साहेब थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “तिच्या मरणावर मिळणारे पैसे हिशेबात धरून लग्न टिकवायचं, हे मला जमणार नाही.” तक्त्यातल्या एका नोंदीवर त्यांनी रेघ मारली.

बाईंना कागद हवा होता. का, ते त्यांना सुरुवातीला नीट सांगता येईना. पाचव्या की सहाव्या भेटीत म्हणाल्या, “मी मुलांना व्याकरण शिकवलं. वाक्य अर्धवट सोडलं की मी गुण कापायचे.”

साहेबांनी २०२२ च्या फेब्रुवारीत धायरीला एक खोली-हॉल-स्वयंपाकघराचं घर घेतलं आणि ते तिकडे राहायला गेले. घर बाईंनी सोडावं असं दोघांपैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही. “त्या घरात राहिलीय ती. मी त्याचे हप्ते भरलेत,” एवढंच साहेब म्हणाले.

‘मग कशाला?’

या प्रकरणातून मला जे सांगायचं आहे ते इथे आहे. बायको मार खाऊन माहेरी आली तर निदान कुणीतरी दार उघडतं. नवऱ्याचं बाहेर असेल तर मैत्रिणी धावून येतात. सामोपचाराने वेगळं होणाऱ्या माणसाजवळ सांगायला गोष्टच नसते. बाईंनी धीर करून जिला जिला सांगितलं तिने तिने आधी गुन्हेगार शोधला आणि तो सापडला नाही तेव्हा विचारलं, “मग कशाला?” भाऊ म्हणाला, माझ्या मुलींची लग्नं व्हायची आहेत. बहीण म्हणाली, इतकी वर्षं काढलीस, आता काय दहा-पंधरा राहिली. शेजारणीने तर दुसऱ्या दिवशी साहेबांच्या तब्येतीची चौकशी केली, कुजबुजत, जणू काही असाध्य आजार लपवला जातोय.

मुलीचा राग सगळ्यांत मोठा होता. ती ठाण्याला, तेहतीस वर्षांची, पाच वर्षांच्या मुलाची आई. तिने फोनवर मला विचारलं, “मॅडम, आता माझं माहेर कुठलं?” मी म्हटलं, आई राहते ते घर तेच आहे. ती म्हणाली, “घर विचारत नाहीये मी.” जर्मनीतला मुलगा शांत होता, फारच शांत. दर रविवारी आईला आणि बाबांना एकापाठोपाठ एक फोन करायचा आणि दोन्ही फोन बरोबर बारा-बारा मिनिटांचे असायचे. साहेबांनी ते मोजलं होतं.

बाईंबरोबर मी एक साधं काम केलं. लोकांना सांगायची दोन वाक्यं तयार केली आणि ती इतक्यांदा म्हणून घेतली की घसा दाटून न येता म्हणता यावीत : “आम्ही दोघांनी विचार करून वेगळं राहायचं ठरवलंय. भांडण नाही, आजार नाही, तिसरं कुणी नाही, आणि मला सल्ला नको, सोबत हवी.” शिक्षिका असल्यामुळे की काय, त्यांनी यात स्वतः एक दुरुस्ती केली. ‘सोबत हवी’च्या पुढे त्या नेमकं काय हवं ते सांगू लागल्या. “बुधवारी बँकेत चल.” “रात्री झोपण्याआधी एक मेसेज टाकत जा.” लोकांना सोबत म्हणजे काय करायचं ते कळत नाही. बुधवारी बँकेत जायचं हे कळतं.

जुन्या शाळेतल्या सहा जणींची भिशी होती. तिथे त्यांनी ही वाक्यं पहिल्यांदा पूर्ण म्हटली. भिशीत एक विधवा, एक कधीच लग्न न केलेली. त्या दोघींनी ‘कशाला’ विचारलं नाही. पुढच्या तीन वर्षांत बाईंचा खरा आधार म्हणजे या दोघी. सख्खी बहीण नव्हे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सोसायटीतून बोलावणं येईना, कारण बाईंना काय समजायचं हेच कुणाला कळेना, तेव्हा भिशीतल्या त्या विधवा मैत्रिणीने आपल्या घरी तिळगुळाचा कार्यक्रम ठेवला आणि सगळ्या जणींना बोलावलं. मला हे ऐकून फार बरं वाटलं होतं, अजूनही वाटतं.

माझी चूक

मी बाईंसाठी एक कागद केला होता, त्यावर चार प्रश्न. रात्री दोनला छातीत दुखलं तर फोन कुणाला? बँकेच्या, कोर्टाच्या कामाला बरोबर कोण? सणाला कुठे? रडू आलं तर कुणासमोर? बाईंनी पहिल्यांदा भरला तेव्हा पहिल्यापुढे ‘मुलगी’, दुसऱ्यापुढे ‘मी स्वतः’, तिसऱ्यापुढे आडवी रेघ आणि चौथ्यापुढे ‘न्हाणीघर’ असं लिहिलं होतं. सहा महिन्यांत ते बदलत गेलं.

साहेबांना मी हा कागद दिलाच नाही. माझ्या कामात बहुतेक वेळा बायको एकटी पडते आणि पुरुषाला घर, पैसा, नातेवाईक असं सगळं मिळतं. ते इथेही मी गृहीत धरलं. साहेब वेळेवर येत, तक्ते आणत, हसत. टेकडीवर रोज फिरायला जातो म्हणत. मला वाटलं, ठीक आहे.

सात महिन्यांनी ते आले तेव्हा शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल होती. आठ किलो वजन उतरलं होतं. चौकशी केली तेव्हा कळलं की तळजाई टेकडीवरच्या मंडळींना त्यांनी अजून सांगितलेलंच नाही. “मिसेस मुलीकडे गेल्यात” हे सात महिने चाललं होतं. क्वार्टरमध्ये मेस असायची, म्हणून एकटं राहायची सवय होती, पण स्वयंपाकाची नव्हती. रात्री दूध-पाव, सकाळी दूध-पोहे. डब्याची बाई लावा म्हणून मुलगी मागे लागली होती, पण डबेवालीला घरात बायको का नाही ते सांगावं लागेल म्हणून त्यांनी लावला नाही.

त्या दिवशी मी तोच कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी पेन काढलं, पहिल्या प्रश्नापुढे बायकोचं नाव लिहिलं. दुसऱ्यापुढे तेच. तिसऱ्यापुढे तेच. चौथ्याशी थांबले, पेनला टोपण लावलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. चौथ्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं.

आधी न दिल्याचं मला आजही लागून राहिलं आहे. पुरुषांना आधार नको असतो असं नाही. त्यांनी तो आयुष्यभर एकाच माणसाकडून, न मागता घेतलेला असतो आणि ते माणूस बाजूला झालं की मागायचं कसं हेच त्यांना माहीत नसतं. साहेबांसारख्या बदलीच्या नोकरीतल्या माणसाचं तर आणखी अवघड. मित्र चंद्रपुरात, मित्र परळीत, पुण्यात कुणी नाही.

तिथून आम्ही पुन्हा सुरुवात केली. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही एल्डरलाइन, हे दोन्ही मी त्यांच्या फोनमध्ये स्वतः टाकून दिले. १४४१६ वर मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत, नाव विचारून कुणी अडवत नाही. त्यांनी तो एकदाच लावला, पाडव्याच्या रात्री. काय बोलले ते मी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी टेकडीवरच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांना खरं सांगितलं. पोस्टमास्तर पायऱ्यांवर बसले, पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाले, “माझी जाऊन चार वर्षं झाली. भाजीचं मी शिकवतो, सोपं असतं.” दर गुरुवारी दोघं धायरीच्या स्वयंपाकघरात एकेक भाजी करू लागले. पहिली भाजी दुधीची होती, आणि साहेबांनी तिचं प्रमाण आलेखाच्या कागदावर लिहून फ्रिजवर लावलं.

देव्हारा आणि दस्त

वाटणीत पैशांनी त्रास दिला नाही, देवांनी दिला.

देव्हाऱ्यात कुलदेवतेचे चांदीचे टाक होते, साहेबांच्या आजोबांपासूनचे. बाईंनी लग्नात माहेरून आणलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण होता. शंख, घंटा, शाळिग्राम. बत्तीस वर्षं पूजा बाईंनी केलेली. टाक साहेबांच्या घराण्याचे, यावर वाद नव्हता, पण बाई म्हणाल्या, “ह्यांना पूजा येत नाही. देव उपाशी राहतील.” हे त्या अगदी मनापासून बोलत होत्या. मी त्यात पडले नाही. देवांचं समुपदेशकाला काय कळतं. दोन महिने टाक तिथेच राहिले. शेवटी एका रविवारी साहेब सकाळी अंघोळ करून, सोवळं घेऊन आले. बाईंनी पाटावर बसवून त्यांना पूजा शिकवली : आधी कुठल्या देवाला स्नान, पुसायचं कुठल्या वस्त्राने, गंध कुठे, फूल कसं वाहायचं. साहेबांनी टिपून घेतलं. मग टाक तांदळावर ठेवून, फडक्यात बांधून घेऊन गेले. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण बाईंकडे राहिले. गौरी घराण्यातल्या धाकट्या दिरांकडे गेल्या. त्या सणाला बाईंना बोलावणं येतं, त्या जातात, पण आता गौरी बसवायला नाही, जेवायला.

घराचं काम कागदोपत्री सोपं निघालं, कारण ते वेळेत केलं. फ्लॅट दोघांच्या नावावर होता. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला बक्षीसपत्राने दिलं तर तेव्हा मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये लागत होतं, नोंदणी फी आणि स्थानिक अधिभार वेगळा. ही सवलत नवरा-बायकोला आहे. हुकूमनामा झाल्यावर ते नवरा-बायको राहत नाहीत आणि तेच हस्तांतर लाखांत जातं. म्हणून साहेबांनी आपला अर्धा हिस्सा अर्ज दाखल करण्याआधी, २०२३ मध्ये, बाईंना बक्षीसपत्राने दिला. बाईंनी पोटगी मागणार नाही असं संमतीच्या अटींत लिहून दिलं. दोघांनी एकमेकांच्या ठेवींवरची वारसनोंद काढून मुलांची घातली. आरोग्यविम्याची एकत्र फ्लोटर पॉलिसी होती, ती जुन्या वर्षांचा फायदा न घालवता वेगळी कशी करायची हे आधी विचारून घेतलं. बासष्टीच्या मधुमेही माणसाला नव्याने विमा काढायला लावणं म्हणजे शिक्षाच. दोघांनी मृत्युपत्रं केली. त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. साहेबांचे एक साक्षीदार पोस्टमास्तर.

अर्जासाठी वकील एकच होता. परस्परसंमतीच्या प्रकरणांत सर्रास तसंच असतं. तरी संमतीच्या अटी सही करण्याआधी प्रत्येकाने दुसऱ्या एखाद्या वकिलाकडून वाचून घ्याव्यात, असा मी आग्रह धरते. स्त्रियांना तर उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत सल्ला मिळतो. बाई तिथे जाऊन आल्या. तिथल्या वकीलबाईंनी एक ओळ सुधारून दिली, दागिन्यांची यादी जोडायला सांगितली. तेवढंच, पण ते हवं होतं.

सहा महिने

पहिला अर्ज शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात २०२४ च्या जानेवारीत दाखल झाला. कायद्याप्रमाणे त्यानंतर सहा महिने थांबावं लागतं, आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन सांगावं लागतं की आमचं अजून तेच म्हणणं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या प्रकरणात सांगितलं की ही सहा महिन्यांची अट कोर्टाला माफ करता येते : अर्जाआधीच वेगळं राहून दीड वर्ष उलटलेलं असेल, समेटाचे प्रयत्न संपले असतील, पोटगी-ताब्याचे प्रश्न खरोखर मिटले असतील आणि थांबण्याने नुसता त्रासच लांबणार असेल तर. इथे सगळं बसत होतं. वकील म्हणाले, माफीचा अर्ज करू. साहेब तयार होते. बाई म्हणाल्या, “राहू द्या सहा महिने. एवढ्या वर्षांना सहा महिने काही जड नाहीत.”

जुलैत साहेबांना डेंग्यू झाला. प्लेटलेट्स उतरल्या, पोस्टमास्तरांनी रिक्षात घालून रुग्णालयात नेलं आणि तिथल्या फॉर्मवर नातेवाइकाची सही हवी झाली. मुलगी निघाली होती, पण घाटात अडकली होती. बाई सिंहगड रस्त्यावरून पंचवीस मिनिटांत पोचल्या. ‘रुग्णाशी नाते’ या जागी त्यांनी ‘पत्नी’ लिहिलं. तेव्हा त्या होत्याच. चार रात्री त्या तिथे होत्या. पेज, मोसंबी, औषधांच्या वेळा, सगळं.

आणि मग सगळ्यांना उमाळा आला. भाऊ म्हणाला, बघ, जीव आहे की नाही अजून? मुलीने मला फोन केला, आवाजात तीन वर्षांत पहिल्यांदा आशा होती. त्या आशेला मी काय उत्तर द्यायचं, याचा मी रात्रभर विचार केला. संमती शेवटच्या क्षणापर्यंत मागे घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सुरेष्टा देवी प्रकरणात स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे दार खरोखर उघडं होतं, आणि ते मी बंद आहे असं भासवणं चूक ठरलं असतं. मी दोघांना वेगवेगळं बोलावलं आणि सरळ विचारलं.

बाई म्हणाल्या, “जीव होताच. त्याचं मी कधी नाही म्हटलं?” आणि मग : “पाचव्या दिवशी घरी आले, दार उघडलं आणि माझ्याच घराच्या वासाने मला रडू आलं. इतकं हलकं वाटलं.”

साहेबांनी बराच वेळ घेतला. म्हणाले, “दवाखान्यात मला वाटलं, विचारावं तिला. रात्री ती खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती. आईच्या खाटेशेजारी तशीच झोपायची म्हणे. मी ते कधी पाहिलं नव्हतं, मी तिकडे असायचो. मग नाही विचारलं.”

दुसरी तारीख

ऑगस्टअखेर दुसरी तारीख होती. न्यायालयाच्या समुपदेशकांनी दोघांशी स्वतंत्रपणे बोलून घेतलं होतं. न्यायाधीशांनी प्रत्येकाला विचारलं, संमती स्वखुशीने आहे ना, कुणाचा दबाव नाही ना. बाई लगेच हो म्हणाल्या. साहेबांना त्याआधी घोटभर पाणी लागलं. सगळं मिळून दहा मिनिटं. बाहेर मुलगी उभी होती. ती दोघांनाही नेण्यासाठी एकच गाडी घेऊन आली होती, आणि कुठे जायचं ते तिने ठरवलेलं नव्हतं. शेवटी तिघं जवळच्या हॉटेलात जाऊन इडली खाऊन आली. बिल कुणी द्यायचं यावर साहेब आणि बाईंचं थोडं झालं, ते मुलीने दिलं.

ती दिवाळी मुलीने ठाण्याला केली. भाऊबीजेला मुलगा जर्मनीहून आला होता. तो आधी दोन दिवस सिंहगड रस्त्याला राहिला, मग दोन दिवस धायरीला, आणि दोन्ही घरांत त्याने स्वतः फराळाचे डबे नेले. मुलगी माझ्याशी अजून थोडी तुटक बोलते. तिचा राग पूर्ण गेलेला नाही आणि तो जायलाच हवा असं मला वाटत नाही. तिने एका समुपदेशकांकडे स्वतःसाठी वेळ घेतली आहे, माझ्याकडे नाही, आणि ते योग्य आहे.

बाईंची शेवटची भेट डिसेंबरात झाली. त्यांनी चार प्रश्नांचा कागद बरोबर आणला होता, भरून. पहिल्या प्रश्नापुढे दोन नावं होती, भिशीतल्या दोघींची. तिसऱ्यापुढे ‘ठरवायचं आहे’. चौथा प्रश्न खोडून टाकला होता. आम्ही चहा घेतला. त्या साहेबांच्या पूजेविषयी सांगत होत्या, मुलीने फोनवर दाखवलेल्या देव्हाऱ्याविषयी.

“फुलं रोज ताजी असतात,” बाई म्हणाल्या. “टाकही घासलेले. ते आता नीट करतात.”

‘ते’ म्हणाल्या, ‘हे’ नाही. त्यांच्याही लक्षात आलं असावं. कपबशीत चमचा उगाच दोनदा फिरवला आणि मग पर्स उचलून म्हणाल्या, चार वाजलेत, बँक साडेचारला बंद होते, मैत्रीण खाली थांबलीय.